कच्ची सीता

हल्ली त्या साच्यातल्या मूर्ती आणतात, सगळ्यांची तोंडं सारखी. राम कुठला नि लक्ष्मण कुठला, रंग बघून ओळखायचं. नातसून म्हणते, "आजी, छान हायेत की." असतील छान, मी कशाला बोलू? पण आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, प्रयागबाईनं केलेला राम बघितला असता ना, तर बोलती बंद झाली असती तिची.

आमचं घर पोलादपूरच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठी, कुंभारांचं. बाईमाणसानं चाकाला हात लावायचा नाय अशी आमच्यात रीत. मग आत्याबाई सगळं हातानंच करायच्या. मातीच्या वळ्या वळायच्या, एकीवर एक चढवायच्या, आतून पोकळ ठेवत बोटांनी लिंपत जायच्या, आणि तोंडानं गोष्ट चालू. मारुतीचं शेपूट वळलं जाईपर्यंत इकडं लंका जळून राख झालेली असायची. मी समोर बसून 'हं' म्हणायचं, एवढंच माझं काम. 'हं' चुकलं की त्यांचा हात थांबायचा. "झोपलीस काय गो आवडे?" मी कुडपणची, डोंगरावरची पोर, नाचणीच्या शेतात वाढलेली. मला त्या गोष्टींचं येड लागलं. तसं सुख पुढं मिळालं नाय मला, खरं सांगते.

ही कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधीची गोष्ट. आमचे हे मुंबईला गिरणीत. मी नि आत्याबाई घरी. त्या साली संक्रांतीची सुगडं महाडच्या बाजारात न्यायची होती आणि आत्याबाईंचे गुडघे धरलेले. मग मी एकटीच गेले, अमजदभाईच्या लॉरीतून. आमचा माल कायम त्यांच्याच लॉरीत जायचा. येताना चाक पंक्चर झालं. घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

गावाला तेवढं पुरलं. ह्याच्या तोंडून त्याच्या तोंडी करत ती लॉरी पार मुंबईला पोचली, आमच्या ह्यांच्या कानापर्यंत.

पाडव्याला हे आले. पाण्याचा तांब्या हातात घेतला नाय. म्हणाले, "उद्या देवळात यायचं आणि चार माणसांसमोर बेलभंडार उचलून शपथ घ्यायची. नायतर कुडपणची वाट धरायची, परत यायचं नाय."

मी तापट, आजही हाय. म्हटलं, "चोरी केली नाय तर झडती कशाला देऊ? उचलणार नाय."

बोलून गेले, पण आतून पार हादरले होते. कुडपणला आईबाप राहिले नव्हते. भावजय किती दिवस ठेवणार? आणि मला जायचं नव्हतं. माझं घर हे, माझी माती ही. तरी देवळात जायचं म्हटलं की अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आत्याबाई तिथंच बसून सुकलेल्या मारुतीच्या अंगावरून कोरडं फडकं फिरवत होत्या. त्यांचा हात थांबला नाय. मला ह्यांच्यापेक्षा त्यांचाच राग जास्त आला.

सकाळी आवा लावायचा होता. आवा म्हणजे आमची भट्टी, खाली गोवऱ्या, त्यावर मूर्ती, वरून पेंढा नि राख. रामनवमीला महाडच्या पेठेतलं एक मोठं घर आमच्याकडून राम, लक्ष्मण, सीता, मारुती असा सगळा दरबार घ्यायचं, त्याच मूर्ती भाजायच्या होत्या. हे घरी असले की उचलून द्यायचं काम ह्यांचं, रचायचं आत्याबाईंचं. हे देत गेले. राम दिला, लक्ष्मण दिला, मारुती दिला. सीता पुढं केली तर आत्याबाईंनी हात मागं घेतला.

"हिला नाय घेत मी."

"का गो आये? दरसाल तर भाजतेस."

"भाजली, चुकलंच माझं. हिचं एकदा झालंय, महिपत. लंकेत झालं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आगीतून बाहेर आली. तरी लोक बोलायचे थांबले नाय, आणि रामानं लोकांचं ऐकलं. शेवटी मातीत गेली बिचारी. तिथून मी तिला उकरून काढली, आता परत आगीत घालू? माझ्यानं नाय होणार. तुला घालायची तर तू घाल."

हे सीता हातात घेऊन उभे. मी दारातून बघत होते. आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या, ह्यांच्याकडंही नाय, गोवऱ्या सारख्या करत होत्या. ह्यांनी एकदा आव्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग सीता ओटीवर नेऊन ठेवली, सदरा घातला आणि निघाले. देवळाच्या वाटेला लागले.

देवळात माणसं जमलीच होती. तिथं काय झालं ते शेजारच्या ठमाबाईनं येऊन सांगितलं. हे म्हणाले, "आज आमचा आवा हाय. तिला सवड नाय."

कुणीतरी विचारलं, "मग उद्या?"

"उद्या पण नाय," म्हणाले नि माघारी फिरले.

हे घरी येऊन जेवले. मी वाढलं आणि बाजूला झाले. शपथ टळली होती, पण मनात काय हाय ते कुठं कळत होतं? पुढचे दिवस मी कामापुरतंच बोलायचे.

आत्याबाईंनी सीता नुसती उन्हात सुकवून रंगवली. भाजलेल्या रामाशेजारी ठेवली तर कुणाला फरक कळला नसता. पण कच्ची मूर्ती ती, लॉरीत एक गचका बसला की चुरा. रामनवमीच्या आदल्या सकाळी अमजदभाईंची लॉरी फाट्यावर येऊन उभी राहिली. बाकीचा माल ह्यांनी पेंढ्यात घालून चढवला. मी चुलीपाशीच बसून होते. महाडला जाणं मी संक्रांतीपासून सोडलं होतं.

हे आत आले. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली सीता हातात. म्हणाले, "मांडीवर घेऊन बस हिला. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको."

"तुम्ही येताय?"

"मी आयेजवळ थांबतो."

मी जागची उठले नाय. म्हटलं, "आणि यायला उशीर झाला तर?"

"झाला तर झाला," म्हणाले.

अमजदभाईंनी खाली बघतच दार उघडलं. मी चढले. हे फाट्यावर सगळ्यांसमोर उभे होते, लॉरी हलेपर्यंत. पोलादपूर मागं पडलं तसं मला रडू फुटलं, काही केल्या थांबेना.

"काय झालं आवडीबाय?" अमजदभाईंनी विचारलं.

"काय नाय," म्हटलं, "हळू घ्या गाडी. कच्ची हाय."