गायची कवळी

तिने कवळी पाण्याच्या वाडग्यातून काढली, टाळूला टेकणाऱ्या भागावरून अंगठा फिरवला आणि ती उजेडासमोर धरली. गुलाबी प्लास्टिकमधून खिडकीचे गज दिसत होते. इतकं पातळ काम तिने आजवर केलं नव्हतं, आणि कुणी करू नये असंच तिचं मत होतं.

"झालं का, बाई?" बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"एक मिनिट, सर," ती म्हणाली, आणि ते मिनिटभर नुसतीच उभी राहिली.

सर म्हणजे शहरातल्या ऑपेरागृहाचा एके काळचा खर्जातला गायक. लोक त्यांना लाडाने 'तळघर' म्हणत. त्यांचा आवाज घशातून येतच नाही, इमारतीच्या पायातून येतो, अशी सगळ्यांची खात्री होती. ऐन विशीत तिने त्यांना सगळ्यात स्वस्त जागेवरून, एका खांबामागून ऐकलं होतं. दिसलं काहीच नाही. पण शेवटी सर खाली, आणखी खाली उतरत गेले, तेव्हा तिच्या हाताखालचा लाकडी कठडा थरथरला होता. त्या रात्री ती जेवली नाही. पुढे लग्न झालं, सासऱ्यांचा कवळ्यांचा धंदा गळ्यात पडला, तो ती बघून बघून शिकली. आणि साचे ओतताना टेपवर मात्र सर लावत राहिली. नवरा म्हणायचा, "या घरात माझ्यापेक्षा तोच जास्त बोलतो."

सरांनी रंगमंच सोडून शिकवायला सुरुवात केली, त्यालाही आता बराच काळ लोटला होता. येत्या रविवारी शिष्यांचा कार्यक्रम होता आणि शेवटी सर स्वतः गाणार होते. शिष्यांनी हट्टाने तसं छापूनही टाकलं होतं. आणि नेमकी याच वेळी नवी कवळी. तिने ती जीव ओतून केली. पहिल्या दिवशीच सर म्हणाले, खालचा सूर लागत नाही, वर काहीतरी अडतंय.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. रात्री कूस बदलून बदलून चादरीचा बोळा व्हायचा. ज्या आवाजावर जन्मभर जीव टाकला, त्याची माती आपल्याच हातून व्हावी?

तिने टाळूचा भाग घासून पातळ केला, जिभेला जागा करून दिली. नाही जमलं. आणखी पातळ केला आणि बजावलं, "सर, आता हिने चावायचं नाही हं. मोडेल. ही नुसती गायची कवळी."

"हत्तीसारखं," सर म्हणाले होते. "खायचे वेगळे. आमचे दाखवायचेही नाहीत, ऐकवायचे."

तेव्हापासून ते नुसतं सूप पिऊन राहत होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

आजही आल्या आल्या ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून गायले होते. ओळ उतरत गेली आणि शेवटच्या पायरीवर सुराऐवजी नुसती हवा आली. त्यांनी वरच्या ओठावर बोट टेकवलं. "इथे आहे काहीतरी. अगदी केसभर. तेवढं काढा."

केसभर काढायला तिथे केस तरी उरला होता का?

मागून नणंद आली. बाहेरचा गल्ला, फोन आणि लोकांच्या तोंडी लागणं, हे सगळं तिचं खातं. तिने कवळी पाहिली, वहिनीचा चेहरा पाहिला.

"वहिनी, अजून घासणार तू? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

"हळू बोला, वन्सं. तिखट कानाचे आहेत ते."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू?"

"हेच, की कवळी ठीक आहे."

"आणि पुढचं?"

नणंदेने टेबलावरची प्लास्टरची धूळ उगाच फडक्याने पुसली आणि ती बाहेर निघून गेली.

एकटी उरल्यावर ती स्टुलावर बसली. घासायचं यंत्र चालू केलं. टोक गरगर फिरू लागलं. तिने ते कवळीच्या जवळ नेलं, टेकवलं मात्र नाही. तसंच फिरू दिलं. मध्येच थांबवलं, पुन्हा चालू केलं, खरं काम करताना करायची तसं. मग कवळी धुतली, पुसली आणि बाहेर नेली.

सरांनी ती बसवली. खांदे सोडले. गायला लागले. या वेळी शेवटच्या पायरीच्या आधीच त्यांनी आपणहून तोंड मिटलं.

"सुरेख!" ती घाईने म्हणाली. "आता कसा मोकळा झाला, सर!"

बेसूर पण फार भावनेने गाणाऱ्या शिष्याकडे पाहावं, तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचं यंत्र," ते म्हणाले, "प्लास्टिकला लागलं की त्याचा सूर खाली येतो. मागे दोन्ही वेळा ऐकलंय मी. आज ते सगळा वेळ वरच होतं."

हात कोरडे होते, तरी तिने ते अॅप्रनला पुसले. गल्ल्यावर नणंद भलतंच मन लावून पेन शोधू लागली.

"अजून घासलं असतं तर भोक पडलं असतं," शेवटी ती म्हणाली. "काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सर."

"हं."

ते खुर्चीत बसले. काचेतून रस्त्याकडे पाहू लागले. समोर एक माणूस शिडी खांद्यावर टाकून दाराशी अडकला होता. आडवी करून आत जाईना, उभी करून मावेना. तो आत जाईपर्यंत सर त्याच्याकडेच बघत होते.

"माझ्या त्या लांबड्या शिष्याला सांगतो," मग ते म्हणाले. "शेवटचं गाणं त्यानेच म्हणावं. खाली उतरायची फार घाई असते गाढवाला. पण पोचतो."

तिच्या मनात एक वाक्य किती वर्षं तयार होतं. आता ते अगदी ओठांवर आलं.

"सर, मी एकदा तुम्हाला—"

पण सरांनी मान खाली घालून कवळी काढली होती. गाल आत गेले, चेहरा एकाएकी कुणाही म्हाताऱ्या माणसाचा झाला. त्यांनी ती ओली कवळी तिच्या तळहातावर ठेवली. बोलले तेव्हा शब्दांतून वारा गेला.

"परत जाड करा ही. चावता येईल अशी."

"करते."

"सफरचंद चालेल?"

ती कवळी उजेडासमोर धरून बघू लागली, बघण्यासारखं काही नसताना.

"आधी चिरून खा," ती म्हणाली. "मग बघू."