वीणेचा पहारा

राधाकिशन तात्यांचा मोबाईल नंबर गावातल्या अकरा लेकरांच्या फॉर्मांवर होता.

"सरकारला वाटत आसंल, ह्या बाबाला अकरा लेकरं हायेत," छबूबाई म्हणायच्या. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. तरी ही बाई असं हसून म्हणायची आणि तात्याही हसायचे.

तात्यांनी ताडकळसकडच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टी धरल्या, कीर्तन आणि पोरांचे फॉर्म. कुठल्याही गावात कीर्तन असो, तात्या टाळ घेऊन पुढच्या रांगेत. आणि बारावी झालेलं लेकरू कुणाचंही असो, त्याचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातपडताळणी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळं तात्यांच्या ओसरीवर व्हायचं. घ्यायचे फक्त चहा. "कॉलेजात नाव घालायला बापाचे चार दिवस आन् पोराची हिंमत लागती," ते म्हणायचे, "बाकीची कागदं माझ्याकडं."

नंबराचं कारण असं, की मागं एका पोराच्या शिष्यवृत्तीचा मेसेज बापाच्या बंद पडलेल्या सिमवर गेला आणि पोराचं वर्ष वाया गेलं. मजुराच्या घरातलं रिचार्ज, ते आज असतं, उद्या नसतं. तेव्हापासून तात्यांचा नियम झाला, नंबर माझा टाका. माझं रिचार्ज वर्षाचं असतंय.

यंदाच्या अकरांत धम्मशीला तात्यांची लाडकी. बौद्ध वस्तीतल्या सिद्धोधन आणि मालनबाईची थोरली लेक. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा ही दोन्ही धाकट्या भावांना रांधून घालून बारावीचा अभ्यास करायची. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत तिनं असे मार्क काढले, की तात्यांनी निकालाचा कागद छबूबाईंना तीनदा वाचून दाखवला. सरकारी कॉलेजला नंबर लागला तर फी माफ, वसतिगृह माफ. खाजगीत फी माफ झाली तरी राहणं, खाणं, ड्रेस, डिपॉझिट, हे सिद्धोधनच्या हाताबाहेरचं. म्हणून पहिल्या पसंतीला तात्यांनी सरकारी कॉलेजच टाकलं.

"पयल्या पसंतीलाच लागलीस तर मग निवांत बसायचं न्हाई," त्यांनी तिला बजावलं होतं. "दिलेल्या मुदतीत सीट घेतली म्हणून कबूल करायचं. न्हाई केलं तर सीट बी गेली आन् पुढच्या फेरीतून नाव बी गेलं. कबूल करायला ओटीपी लागतोय, तो माझ्या फोनवर येतोय. घाबरायचं काम न्हाई."

यादी दोनदा पुढं ढकलली गेली. तिसरी तारीख आली ती नेमकी श्रावणातल्या सप्ताहात.

धम्मशीलानं विचारलं, "तात्या, सप्त्यात आली तर?"

"सरकारची यादी हाय बाई ती. येळेवर कवा आली? काला झाला की दोघं मिळून बघू."

आता सप्ताहातली वीणा म्हणजे काय, हे ज्यानं खांद्यावर घेतली त्यालाच ठाऊक. सात दिवस, सात रात्री ती जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. जो तो आपला पहारा देतो आणि दुसरा येईपर्यंत जागचा हलत नाही. बारा वर्षं दुपारी दोन ते चारचा पहारा तात्यांचा होता. त्या सात दिवसांत ते एकभुक्त राहायचे, अनवाणी फिरायचे आणि मोबाईल बंद करून लोखंडी पेटीत टाकायचे. पेटीची किल्ली करगोट्याला. हे सात दिवस देवाचे.

पाचव्या दिवशी ताडकळसच्या नेट सेंटरवर काय झालं, ते तात्यांना पुढं कळलं. तुम्हाला आधी सांगतो.

धम्मशीला दुपारी सहज बघायला म्हणून गेली होती. यादी आदल्या दिवशीच लागली होती. तिचं नाव होतं. पहिली पसंती, सरकारी कॉलेज. सेंटरवाल्या नागेशनं पेढा मागितला, मग त्यानंच खालची ओळ वाचली. आज सायंकाळी पाचपर्यंत कबूल करावे.

"ओटीपी सांग."

"तात्याच्या फोनवर जातंय ते."

"मग लाव की फोन."

फोन बंद. पुन्हा लावला. बंद. नागेश म्हणाला, "पळ. मी हितंच बसतो. आकडा कळला की फोन कर, मी हिकडं टाकतो." तिनं एका मोटारसायकलवाल्याला हात केला आणि साडेतीनच्या सुमारास गावात येऊन थेट मारुतीच्या मंडपाशी उतरली.

मंडपात कीर्तन ऐन रंगात होतं. रात्री लाईटीचा भरवसा नाही म्हणून यंदा कीर्तन दुपारी तीनला ठेवलेलं. उभे होते माऊली बुवा, वयानं तिशीतले, पण गळा असा की टाळकऱ्यांचे हात आपोआप हलके पडायचे. बुवा देवाच्या उभं राहण्यावर बोलत होते. "तो हाक मारीत नाही. रागावत नाही. आत येऊ का, असंही विचारीत नाही. नुसता उभा राहतो आणि तुमच्या ध्यानात यायची वाट बघतो." मृदंगावर थाप पडली. तात्यांच्या अंगावर काटा आला. वीणेच्या तारेवर बोट फिरत होतं, डोळे झाकले होते, आणि झाकल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मधे एकदा त्यांनी डोळे उघडले. बायकांच्या मागं, मंडपाच्या शेवटच्या खांबाला धरून धम्मशीला उभी दिसली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

तात्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! पोरगी कीर्तन ऐकायला आली. कधी न येणारी आली, आणि आली ती अशी भिजून गेली. तिनं मोबाईल वर करून दाखवला. तात्यांना वाटलं, कीर्तनाची शूटिंग काढायलीय. त्यांनी हसून मान हलवली, काढ काढ, आणि पुन्हा डोळे मिटले.

चार वाजले. पुढचा पहारा भगवानरावांचा. ते आले नाहीत. त्यांची म्हैस व्यायला अडली होती, असा निरोप आला. दुसऱ्या कुणी पुढं होऊन वीणा मागितली तर तात्यांनी मानेनंच नको म्हटलं. अशा कीर्तनात वीणा कोण सोडणार? आज देवानंच पहारा वाढवून दिला, असं त्यांना मनोमन वाटलं.

भगवानराव धापा टाकीत आले तेव्हा कीर्तन संपून आरती चालू होती. "पारडी झाली तात्या," म्हणत त्यांनी वीणा गळ्यात घेतली. तात्या पायऱ्या उतरून खाली आले. धम्मशीला समोरच होती.

"आलीस का गं? कसं झालं कीर्तन?"

"तात्या, नंबर लागला," ती म्हणाली. "ओटीपी पायजे होता. पाचपर्यंत होतं."

तात्यांनी मंडपातल्या घड्याळाकडं पाहिलं. पाच वाजून बारा मिनिटं.

साठी उलटलेला माणूस त्या दिवशी अनवाणी धावला. किल्ली कुलपाला लागेना. छबूबाईंनी हातातून घेऊन पेटी उघडली. फोन सुरू झाला आणि मेसेज येऊन पडू लागले. नऊ ओटीपी. सहा सहा आकड्यांचे नऊ. प्रत्येकाखाली तेच, दहा मिनिटांत वापरावा. तात्यांनी शेवटचा आकडा नागेशला फोनवर वाचून दाखवला. नागेशनं पान पुन्हा उघडून बघितलं. मग म्हणाला, "तात्या, पान बंद झालंय हो. मुदत संपली म्हणून दाखवायलंय."

"परत दाब."

"दाबायलोय. धा येळा दाबलं."

ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. बुवा भगवानरावांच्या घरी जेवायला बसले होते, ते हात धुऊन तसेच तात्यांच्या ओसरीवर आले. "तात्या, मला नुसती खूण केली असती, तर मी अर्ध्या चरणावर थांबलो असतो. वीणा कुणाच्याही गळ्यात देता आली असती. पोरीला कुणी सांगितलं नाही का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "मीच कवा सांगितलं न्हाई."

दिवेलागणीला ते सिद्धोधनच्या घरी गेले. सोबत कुणाला घेतलं नाही. सिद्धोधननं खाटेवरची गोधडी झटकून जागा केली. मालनबाईनं चहा ठेवला. दोघं धाकटे भाऊ भिंतीला टेकून बसले होते. तात्यांना वाटत होतं, कुणीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात.

"बाई, मंडपात येऊन नुसती वरडली असतीस तरी..." तात्या म्हणाले.

धम्मशीला खाली बघत म्हणाली, "मंडपात बसलेल्या सगुणाबाईला इच्यारलं मी. ती म्हणली, वीणा खाली ठिवता येत न्हाई, पहारा बदलू दे. मग चार वाजायची वाट बघितली. चारनंतर मला काय करावं कळंना. तुमी डोळे झाकून होतात. म्हणलं, मधी बोलल्यावर तुमचा सप्ता मोडंल."

"म्या सांगितलेलं हाय तिला," मालनबाई चुलीपाशून म्हणाली. "ल्हानपणापासून सांगितलंय. लोकाच्या देवाच्या कामात आपुन मधी बोलायचं न्हाई. आमच्या सासूनं मला सांगितलं, म्या हिला." ती हे तक्रारीसारखं नाही, लेकीची बाजू घेतल्यासारखं म्हणाली. पोरीचं वळण वाईट नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

तात्यांनी चहाची कपबशी हातात घेतली. तशीच खाली ठेवली.

"बुवा काय सांगत व्हते ओ तात्या?" धम्मशीलानं विचारलं. "दीड तास उभी व्हते, पर एक अक्षर कानात शिरलं न्हाई. बाया रडायल्या व्हत्या, म्हणून इच्यारते."

तात्यांना त्या कीर्तनाचा शब्दन्‌शब्द येत होता. कुठं बुवा थांबले, कुठं मृदंग थांबला, सगळं.

"सांगन कधी," ते म्हणाले.

मालनबाईनं पिठाच्या डब्यामागून प्लास्टिकची फाईल काढून त्यांच्यापुढं ठेवली. "ह्यातलं काय ठिवायचं, काय न्हाई?"

हे काम तात्यांना येत होतं. त्यांनी चष्मा लावला. जातीचा दाखला जन्माचा. पडताळणी जन्माची. रहिवासी राहू दे. उत्पन्नाचा दाखला त्यांनी वेगळा काढला. "हा मार्चला संपतोय. पुढच्या साली नवा काढावा लागल." पुढच्या साली म्हटल्यावर कुणी मान वर केली नाही. दिवाळी झाली की हे घर ऊसतोडीला जाणार होतं, आणि यंदा कोयता दोघांचा नसणार, तिघांचा असणार, हे बाजेखाली काढून ठेवलेल्या तिसऱ्या कोयत्यावरून तात्यांना दिसत होतं. पोरीचा एक हात वाढला तर धाकट्यांच्या शाळेचं भागेल, असा काहीतरी हिशेब या घरानं दोन तासांत मांडूनही टाकला असेल.

"मी उद्या सकाळच्या गाडीनं परभणीला जातो," तात्या उठत म्हणाले. "अर्ज देतो. तिथनं मुंबईला लिहितो. चूक माझी हाय, तसं लिहून देतो. ऐकतील का न्हाई, म्हाईत न्हाई, पर जातो."

सिद्धोधन दारापर्यंत आला. त्यानं तात्यांच्या अनवाणी पायांपुढं बॅटरी धरली.

"उद्या?" तो काळजीनं म्हणाला. "उद्या तुमचा पहारा हाय न्हवं, तात्या? पहारा सोडू नका. आमच्यापायी देवाचं मोडू नका."

त्याच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून तात्यांनी वस्तीपासून घरापर्यंत तेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात उलटून पाहिलं. नव्हता.