खिडकीतून परत येणारी बाटली

ऐका तर! ती पोरगी त्या लॅबमध्ये लागली आणि आठवड्याभरात सगळ्यांनी तिचं नावच ठेवलं, बफर. कारण काम तेच, बफर बनवायचं. बफर म्हणजे असं द्रावण, की त्यात जरा आम्ल पडलं तरी पीएच जागचा हलत नाही. खोली कोपऱ्यातली, एकटीची. जेवायला गेली की सगळे "ये ना, ये" म्हणायचे आणि परत आपापल्या गप्पांत बुडायचे. शेवटी ती डबा खोलीतच खायला लागली, वजनकाट्यासमोर.

तिच्याशी बोलायचे ते एकटे काका, तेही भिंतीपलीकडून! भिंतीत छोटी खिडकी, पलीकडे फ्रिजसारखी थंडगार खोली, आणि तिथे काम करणारे हे काका. तिनं धड चेहराही पाहिला नव्हता, नुसती कानटोपी आणि हातमोजे. संध्याकाळी, ही घरी निघाली की, खिडकी खाडकन उघडायची.

"ए बफर! पीएच आठ मागितला होता, हा साडेआठच्या वर चाललाय. डोळे मिटून बनवतेस का गं?"

बाटली ठेवली की खिडकी बंद.

सकाळी ही मोजायची, तर आठ! बरोब्बर आठ! गणितही तेच सांगायचं. ट्रिस नावाच्या पावडरीचा पीकेए, म्हणजे आम्ल आणि आम्लारी समसमान असताना येणारा पीएच, आठ पॉइंट शून्य सहा, त्यात आम्लारी भागिले आम्ल याचा लॉग मिळवायचा, म्हणजे दोन्ही जवळजवळ निम्मं-निम्मं. पण बाटली परत यायची ती यायचीच. शेवटी मोठ्या मॅडमनी बोलावलं. "आज परत आली, तर उद्यापासून येऊ नकोस."

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. आणि दुपारीच खिडकी खाडकन!

"घे! ये रे माझ्या मागल्या!"

या वेळी मात्र ती तिथेच उभी होती. बाटली इतकी गार की बोटं आखडली. तिनं तशीच मीटरची कांडी आत बुडवली. आठ पॉइंट पाच! म्हणजे काका खरंच सांगत होते. आणि ती बघतेय तोवर आकडा उतरायला लागला, चार... तीन... बाटली ऊब धरेल तसतसा.

थंडी! ट्रिसचा पीकेए थंडीत चढतो, आणि ही बया गणित मांडत होती आपल्या उबदार खोलीचं! रात्रभर टेबलावर राहून बाटली सकाळी शहाण्यासारखी आठवर यायची. तिनं तडक पुस्तक उघडलं. चार अंशाला पीकेए आठ पॉइंट सहा पाच. म्हणजे आम्लारी एक भाग, तर आम्ल साडेचार. बनवलं आणि खिडकीत ठेवलं.

"काका, नीट गार होऊ द्या, मग मोजा."

संध्याकाळ झाली तरी खिडकी उघडली नाही. जाता जाता मॅडम म्हणाल्या, "ये उद्या." जीव भांड्यात पडला!

पण दुसऱ्या दिवशीही खिडकी बंद, तिसऱ्याही. तक्रारच उरली नाही ना! खोली नुसती चिडीचूप. एकदा चमच्यात ट्रिस घेताना तिच्या मनात आलं, चिमूटभर जास्त पडली तर? बाटली परत येईल. हात तसाच थांबला. मग तिनं ती चिमूट कचऱ्यात झटकली, कारण काढलेली पावडर परत डब्यात टाकत नाहीत, आणि खिडकीवर टकटक केलं.

"काय गं? काय झालं?"

"काका, आत टेंपरेचर किती आहे?"

"चार. रोज चारच असतं."

"हो... म्हटलं, बदललं असेल."

काकांनी कानटोपी जरा वर सरकवली.

"उद्या परत विचार," काका म्हणाले. "बघून सांगतो."

खिडकी लागली. पण हळूच.