देठाकडची चकती

"उठा तिथून," ती म्हणाली. "आज भाजी मी करणार."

मी स्टोव्हपाशी बटाटे सोलत बसलो होतो. तीन महिने स्वयंपाक माझ्याकडेच होता. जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केलेल्या माणसाच्या हातचं जेवण कसं असेल, ते सांगायला नको. पण बायकोने कधी नाक मुरडलं नाही. पुढे काहीही ठेवलं की "छान झालंय" म्हणायची, दोन घास खायची आणि ताट सरकवायची. केमो चालू होती. डोक्याला रुमाल, हातांच्या काड्या झालेल्या. दोन तर दोन, पोटात जातायत ना, असं म्हणून मी ताट उचलायचो.

"अगं, तुला उभं राहवत नाही."

"मग बसून करते. तुम्ही वेलावरचा तो दुधी तेवढा काढून आणा. आणि मध्ये मध्ये लुडबुड करू नका."

इतक्या दिवसांनी तिने मला झापलं होतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

दुधीचा वेल तिचा. मागच्या दारी चार हात जागा आहे, तिथे मी भंगारातल्या पाइपांचा मांडव करून दिला होता. त्यापलीकडे मला त्यात काडीचा रस नव्हता. ती मात्र संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की नर फूल खुडून मादी फुलावर हलकेच फिरवायची. बोटाएवढा दुधी धरला तरी शेजारणीला हाक मारून दाखवायची. आम्हाला मूलबाळ नाही. मी थट्टा करायचो, "झालं का बारसं?" तर म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

खरंच कळत नव्हतं. मागच्या महिन्यात तिला ताप चढला म्हणून नऊ दिवस वॉर्डात ठेवलं होतं. मी रोज अंघोळीपुरता घरी यायचो. पानं माना टाकून लोंबताना दिसायची. लोकांच्या घरी पाणी चढवून देणारा मी, पण एक बादली ओतायचं सुचलं नाही. ती घरी यायच्या आदल्या दिवशी घाबरून चार बादल्या ओतल्या. वेल अर्धामुर्धा सावरला आणि त्यावर एक दुधी टिकला. तो मी काढून आणला.

तिची एक पद्धत होती. दुधी कुठलाही असो, देठाकडची एक पातळ चकती कापायची आणि कच्चीच चावून बघायची. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यायचा. तहानलेल्या वेलाचा दुधी कधीकधी कडू होतो आणि कडू दुधी म्हणजे विष, असं तिच्या आईने शिकवलं होतं. मी याला बायकांची उगाच भीती समजत आलो होतो.

त्या दिवशीही तिने चकती कापली, सुरीच्या टोकावरून तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिली.

"गोड आहे," म्हणाली.

भाजीला फोडणी बसली आणि तीन महिन्यांनी घराला घराचा वास आला. मी पाटावर बसलो, पहिला घास घेतला. कडूजहर! जीभ आत ओढली गेली. समोर ती स्वतःच्या भातावर भाजी वाढून घ्यायला निघाली होती. चेहऱ्यावर घाम, आणि डोळे माझ्याकडे.

"कशी झालीय?"

आता काय सांगणार? भाजी कडू आहे म्हणजे तुझी जीभ गेली, असं तोंडावर सांगायचं? मी पातेलं माझ्याकडे ओढलं.

"अशी झालीय, की तुला काही शिल्लक ठेवणार नाही. तू दहीभात खा."

"अहो, असा हावरटपणा!" ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. त्या हसण्यापायी मी पातेलं पुसून खाल्लं. फार तर पोट बिघडेल, असा माझा हिशेब होता. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. शेवटी रक्त पडलं. शेजाऱ्याने रिक्षा आणली.

ज्या दवाखान्यात तिची केमो चालू होती, तिथेच मला सलाइन लावलं. ती शेजारच्या स्टुलावर, माझ्या जागेवर. नर्स म्हणाली, "काकू, आज उलटंच? पेशंट कोण नक्की?" कुणी हसलं नाही.

डॉक्टर तरुण होता. "काका, थोडक्यात वाचलात. दुधी कडू असणार. असला घास तोंडात ठेवता येत नाही हो! तुम्हाला कळलं नाही?"

डॉक्टर गेल्यावर तिने विचारलं, "कळलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"इतक्या दिवसांनी केली होतीस."

"अहो, मेला असतात!" ती केवढ्याने ओरडली. पलीकडचे पेशंट वळून बघायला लागले. मग आवाज एकदम खाली आला. "दोन महिने झाले, मला कसलीच चव लागत नाही. मीठ, साखर, सगळं सारखं. ती चकती चावली, तर लाकूड चावल्यासारखं झालं. तुम्हीच चाखून बघा, एवढं म्हणायचं होतं. नाही म्हणवलं. तेवढं एक तरी माझं राहू दे, असं वाटलं."

"आणि माझ्या जेवणाला छान म्हणायचीस ते?"

"तुम्ही एवढे तोंडाकडे बघत बसायचात."

ती रडायला लागली. आजाराचं नाव कळलं त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. माझ्या एका हाताला सुई होती, दुसरा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. मी नुसतं "अगं, अगं" करत राहिलो.

घरी आल्यावर मी वेल उपटून टाकला. तिने टाका म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. स्वयंपाकघरात मी दोनदा आग्रह करून स्टूल ठेवलं, पण ती परत तिथे बसली नाही.

पुढे ती पाच महिने होती. शेवटी शेवटी भाताची पातळ पेजच पोटात राहायची. वाटी पुढे धरली की ती आधी माझ्याकडे बोट करायची. मी एक घोट घ्यायचो.

"सांगा," ती म्हणायची.

मी खरं तेच सांगायचो. अळणी आहे. आज खाली लागलीय. आज बरी जमलीय.

मग ती प्यायची.