चिठ्ठी मीच काढली

माणसांच्या चांगुलपणावर माझा कधीच फारसा भरवसा नव्हता. भरवसा होता तो चिठ्ठ्यांवर. चिठ्ठीला जात कळत नाही, आडनाव कळत नाही, कोणाच्या दारात किती बैल बांधलेत तेही कळत नाही. म्हणून १९७८च्या दिवाळीनंतर डॉक्टरसाहेबांनी पत्र्याच्या डब्यात चाळीस चिठ्ठ्या टाकून डबा माझ्या हाती दिला, तेव्हा वाटलं, चला, दुनियेत एक तरी काम इमानाने चाललंय. मी शहाणा समजायचो स्वतःला.

मी देवमन, रिठदच्या आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला बी.एस्सी. वाशीमच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचो. साहेब नागपूरहून आलेले. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या रक्तावर प्रबंध लिहीत होते. मला त्यांनी पहिल्याच दिवशी खुर्ची देऊन समजावलं होतं, आणि खुर्ची देणाऱ्या साहेबावर आमच्यासारखा माणूस लगेच जीव टाकतो.

"देवमन, बुधल्यातलं तेल जुनं झालं की खवट होतं ना? झटक्यानंतर रक्तातली चरबी तशीच खवट होते. तसं होऊ नये म्हणून शरीराचे स्वतःचे राखणदार असतात, पण या माणसांत ते कमी पडतात. आपण बाहेरून राखणदार पाठवून बघू."

बाहेरचा राखणदार म्हणजे एक लाल कॅप्सूल. जीवनसत्त्व ई. दर गुरुवारी पेशंटचं रक्त घ्यायचं, त्यात रसायन मिसळून नळी उकळत्या पाण्यात धरायची. खवटपणा असला की नळी गुलाबी होते. जितकी गुलाबी, तितकं वाईट.

पेशंटचे गट दोन, अ आणि ब. कॅप्सूल दोन्हीकडे लालच. "दोन्ही औषधंच आहेत," साहेब म्हणाले, "कोणतं जास्त चांगलं ते पाहायचंय." ज्याच्या नावाने जी चिठ्ठी निघेल, तो त्या गटात. काढणार मी.

डिसेंबरात रिठदचे शालिग्राम पाटील आले आणि पंधरा दिवसांनी माझाच बाप, पुंजाजी. छातीत कळ येऊन बांधावर पडला होता. आठवडाभराने खाटेवर उठून बसला, तेव्हा मी संमतीचा कागद पुढे केला. बाने कागद उलटासुलटा पाहिला.

"माह्या आंगातलं रगत काढून काय पाह्यता रे?"

"बा, मी हाय ना."

एवढंच बोललो. बाने सही केली. मग मी डब्यात हात घातला. पाटलांची चिठ्ठी अ निघाली होती, बाची ब. पाटलाचं आणि माझ्या बापाचं नशीब एकाच डब्यातून निघालं, याचाच मला आनंद. घरी मायला दोनदा सांगितलं. तिने "बरं झालं बाप्पा" म्हणून चूल फुंकली.

महिना गेला. अ गटाच्या नळ्या गुरुवारागणिक फिक्या होत गेल्या. ब गटाच्या होत्या तशाच. बाची नळी तर गुलालासारखी. मी मनाशी म्हटलं, औषध जरा हळू चालत असेल. साहेबांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बा मात्र खूश होता. गावात सांगत फिरायचा, पोराच्या हातचं औषध चालू आहे. एकदा मला म्हणाला, "कडब्याच्या चार पेंड्या उचलू का?" साहेबांनी ओझं उचलू नका म्हणून बजावलं होतं. आणि मी काय म्हणालो? "लाल गोयी चालू हाय, थोडंफार चालते." फेब्रुवारीत तो पेंड्या घेऊन खळ्यातच बसला. पुन्हा कळ. जिभेखालच्या गोळीने ती थांबली, नाहीतर मी हे लिहायला बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, ब मध्ये काय आहे?"

त्यांनी चष्मा पुसला. "साखर."

"तुम्ही म्हणाला होतात, दोन्ही औषधं."

"खरं सांगितलं असतं तर वडिलांच्या वेळी तुझा हात थरथरला नसता? बाकीची औषधं सगळ्यांना सारखीच दिली. आणि अ मुळे माणूस वाचतो की नाही, हे मलाही माहीत नाही. नळी फिकी होते, एवढंच माहीत आहे."

शास्त्र म्हणून यात चूक काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच अंगाची लाहीलाही झाली. हे सगळं ते मला आधीच, त्याच खुर्चीवर बसवून सांगू शकत होते. मला समजलं असतं. केसाने गळा कापला माझा, आणि वर चष्मा पुसतात! कुंपणानेच शेत खाल्लं तर राखणदाराच्या गोष्टी कोणाला सांगायच्या?

त्यांनी टेबलावर अ ची बाटली ठेवली. "आजपासून वडिलांना ही दे. पण कुठे बोलू नकोस. दीड महिना राहिलाय."

मी बाटली खिशात घातली. हो, घातली. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळच्या एस.टी.ने रिठदला गेलो. बाने बाटली हातात घेऊन निरखली.

"आता काहून बदलली?"

बापासमोर मला खोटं रेटता येत नाही. सगळं सांगितलं. साहेबांना चार शिव्याही घातल्या.  मी थांबल्यावर बा म्हणाला, "झालं? थो डाक्टर तुह्यासंग खोटं बोलला. माह्यासंग कोन बोललं?"

"बा, मले तरी कुठं ठाऊक होतं?"

"मंग ठाऊक नसता काहून सांगतलं? मी डाक्टरले कुठं ओयखतो? तुह्या तोंडाकडं पाहून गिळल्या मी गोया. पेंड्याबी तुह्याच भरोशावर उचलल्या." त्याने बाटली माझ्याकडे सरकवली. "अन् आता ठाऊक झालं, तं एकट्या बापासाठी घेऊन आला. बाकीचे एकोनीस जन कोनाचे बाप नाहीत का?"

माय मधे पडायला गेली, त्याने हातानेच गप्प केलं. मी बाटली उचलून परत निघालो.

गुरुवारी ब गटाची माणसं नेहमीसारखी बाकावर बाह्या वर करून बसली होती. शेवटी बा आला. बसला नाही, उभाच राहिला. साहेब दारात होते.

"सांग या सगळ्यायले," बा मला म्हणाला.

साहेबांनी मान हलवली, नको म्हणून. त्या माणसाच्या तोंडावर मी पहिल्यांदाच आर्जव पाहिलं. माझी नोकरी गेली, हे तेव्हाच कळलं. मी सांगितलं. ब म्हणजे साखर, आणि चिठ्ठ्या मी काढल्या.  मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे दौलतसिंग म्हातारे म्हणाले, "पाच कोस चालत येतो ना रे मी." मग एकेकाने बाही खाली केली आणि माणसं निघून गेली.

बा एकटा उरला. बाही वर करून स्टुलावर बसला.

"आता कशाला रक्त देता?" साहेबांनी विचारलं.

"आंगात काय चालू हाय, थे एक तं खरं कळू द्या मले."

मी सुई उचलली आणि पुढे झालो. त्याचा दंड मी नेहमी अलगद धरायचो, शीर मला न बघता सापडायची. बाने हात मागे घेतला.

"तू नको."

हात साहेबांपुढे धरला. साहेबांना सुईची सवय राहिली नव्हती. दोनदा चुकले, कोपराशी रक्त साकळलं. बा तसाच बसून राहिला, पण हात काही माझ्याकडे दिला नाही.