दुधातली भाकर

सुलक्षणा खळ्यावर भात झोडत होती, तेवढ्यात जनार्दन धापा टाकत आला.

"वैनी, चला. आईचं काय खरं न्हाई. तुमचंच नाव घेतीया."

पेंढी तिथंच टाकून ती निघाली, केसांत भाताची कुसं तशीच. घोटावड्याच्या मेथॉडिस्ट ख्रिस्ती मंडळीत ती बिनपगारी उपदेशक. चर्चनं पुण्याला नेऊन शिकवलेली. उपदेश करावा, आजाऱ्यापाशी बसावं, प्रार्थना करावी. पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूचे शब्द म्हणून पवित्र केलेली भाकर द्यायची ती दीक्षा झालेल्या पाळकानंच, हे तिथं पहिलंच बजावलेलं. आणि पाळक बसायचे पुण्यात.

वाटेतच तिनं पाळकसाहेबांना फोन लावला. साहेब निघाले खरे, पण हिंजवडीत अडकले. तिथं गाड्यांचा असा चिखल होतो की माणसानं चालत जावं.

खाटेवर जनार्दनच्या आईची, धोंडाबाईची, नुसती हाडं उरली होती.

"आलीस व्हय? प्रभूची भाकर दे बाई. रिकाम्या तोंडानं जायचं न्हाई मला."

"आत्या, पाळकसाहेब येत्यात. तवर प्रार्थना करू."

प्रार्थना झाली, परत झाली. साहेबांचा पत्ता नाही. जनार्दनचा धीर सुटला.

"दर रविवारी एवढं बोलता, वैनी. आज दोन शबुद बोलून घास द्यायला काय झालं? शिकवलं तरी कशापायी तुमाला?"

"मला त्यो अधिकार न्हाई, भाऊ."

बोलली खरी, पण तिची तिलाच लाज वाटली. द्यावं तर मरत्या माणसाला फसवल्यागत, न द्यावं तर उपाशी धाडल्यागत. काय करावं बाईनं?

जनार्दनची बायको नंदा वाटी घेऊन आली. दुधात भिजवलेली तांदळाची भाकर. "सकाळपास्नं पोटात काय न्हाई त्यांच्या. माज्या हातनं घेत न्हाईत, तुमी भरवा."

सुलक्षणानं घास उचलला. तर म्हातारीनं तोंड उघडायचं सोडून ओंजळ पुढं केली. चर्चच्या कठड्यापाशी गुडघे टेकून प्रभुभोजन घेताना करायची, तश्शी.

"आत्या, ही नुसती..."

बोलणं तसंच टाकून तिनं घास ओंजळीत ठेवला. धोंडाबाईनं तो डोळे मिटून खाल्ला, "आमेन" म्हणाली, आणि थोड्या वेळानं गेली. तोंडावर कसं समाधान होतं.

दिवस कलताना साहेब पोचले, घामानं निथळत, प्रभुभोजनाची पेटी काखेत.

"आई सुखानं गेली, साहेब," जनार्दन म्हणाला. "वैनींनी दिली प्रभूची भाकर."

साहेबांनी सुलक्षणाकडं पाहिलं.

"घरातली भाकर व्हती, साहेब. दुधातली. मी त्ये शबुद न्हाई म्हनले."

"मग हरकत नाही," साहेब सुटल्यासारखे म्हणाले. "ते प्रभुभोजन झालंच नाही. मर्यादा पाळलीत, बरं केलंत."

जनार्दन आईच्या उशापाशी खाली बसला.

"म्हंजी रिकाम्या तोंडानंच गेली म्हना की."

साहेब पेटी या हातातून त्या हातात घेत राहिले. सुलक्षणानं रिकामी वाटी उचलली, आणि कुठं ठेवावी हे काही तिला सुचेना.