बाहेरून कडी

तिसऱ्या किमोनंतर माझे सगळे केस गेले. मला एकटं वाटू नये म्हणून हरीश अन् विजय, माझ्या दोन्ही लेकांनी, सेनगावात डोकी भादरून घेतली. मोबाइलवर पाहिलं म्हणे. येड्याहो, आपल्यात माय मेल्यावर डोकं भादरतात!

दोघं तसेच गावात उतरले. घडीभरात अंगणात बायकांनी गळा काढला, "लेकरायला सोडून कशी गेलीस वं नर्मदे!"

मी आत. इन्फेक्शन होईल म्हणून सुनेनं महिनाभर खोलीला बाहेरून कडी घातलेली. मी दार बडवलं.

"जित्ती हाय मी! कडी काढा!"

रडणं थांबलं. हरीश दाराशी येऊन मायेनं म्हणाला, "आई, लई लोकं हायत. तू पडून राहा."